मणक्याचा टीबी, पायातली ताकद जातेय. ऑपरेशन की गोळ्या?

जाईचा_मांडव | १० मार्च, २२:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्या कारणाने लिहितेय.

माझे धाकटे दीर, वय २९, चाकणला कंपनीत आहेत. दिवाळीपासून त्यांची पाठ दुखत होती, दोन्ही पात्यांच्या खाली, मधोमध. ओव्हरटाइममुळे असेल म्हणून आधी बाम, मग गोळ्या, मग पट्टा. एका ठिकाणी नुसता एक्स-रे बघून 'मणक्यात गॅप आहे' म्हणाले आणि दहा दिवस शेक दिला. रात्री दुखून जाग यायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन ६१ वरून ५३ वर आलं, ते आम्ही मेसच्या जेवणावर ढकललं.

मागच्या आठवड्यात घरी आले. फाटकापासून ओट्यापर्यंत चालत येताना एका पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि ते तसेच पुढे आले. मी म्हटलं, भावजी, चप्पल? त्यांनी खाली बघितलं. बघेपर्यंत त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्याच दिवशी एमआरआय केला. डी ८ आणि डी ९ हे दोन मणके पोखरले गेलेत, भोवती पू साठलाय आणि मज्जारज्जूवर दाब आहे. सुईने नमुना घेतला, सीबीनॅटमध्ये, म्हणजे जंतूचे जनुक शोधणाऱ्या तपासणीत, टीबी निघाला. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असं आलंय. गोळ्या परवापासून सुरू झाल्या. आता एक सर्जन म्हणतात लगेच ऑपरेशन करा. दुसरे म्हणतात, अजून धरून चालताहेत, तीन-चार आठवडे औषधाला वेळ द्या, रोज तपासत राहू.

प्रश्न तीन. पायातली ताकद परत येते का? थांबावं की नको? आणि घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे, तिला धोका आहे का?

आणखी एक. वैशाखात त्यांचा साखरपुडा ठरलाय. सासूबाई म्हणतात, 'टीबी' हा शब्द घराबाहेर जाऊ देऊ नका.

---

पाणवठा | १० मार्च, २३:०५

काळजी घ्या ताई. निदान झालंय ही मोठी गोष्ट आहे. वाचतोय.

---

मोहोर | १० मार्च, २३:५१

मला २०१६ मध्ये झाला होता, कमरेत, एल ३-४ ला. तेव्हा मी ३४ वर्षांची. आज दोन मुलांना घेऊन गड चढते, हे आधी सांगते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

माझी सुरुवात जांघेत दुखण्याने झाली. डावा पाय सरळ करून झोपताच यायचं नाही, गुडघा पोटाशी घेतला की बरं वाटायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दोन महिने गेले. मग कळलं की मणक्यातला पू पोटाच्या मागच्या स्नायूतून ओघळत जांघेपर्यंत आलाय. त्याला थंड गळू म्हणतात. हाताला गरम लागत नाही, लाल होत नाही, ठणकत नाही, म्हणून कुणाला संशयच येत नाही.

ऑपरेशन झालं नाही. सोनोग्राफीत बघत नळीने पू काढला आणि १२ महिने गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी किंचाळले होते. तुमच्या घरी आधीच सांगून ठेवा, ते रिफाम्पिसिनमुळे होतं, रक्त नसतं. नवरा म्हणायचा, मकरसंक्रांतीला पतंग नको, तूच रंगव आकाश. त्या घरात तेव्हा हसू आणणारं तेवढंच होतं.

पण माझी केस कमरेतली होती. तुमच्या दिरांची पाठीतली आहे, दोन्हींत फरक असतो म्हणे. जाणकार सांगतील.

---

अस्थिरंग | ११ मार्च, ०६:३२

मी मणक्याचा सर्जन आहे. इथून कुणाला 'करा' किंवा 'करू नका' सांगणार नाही, एमआरआय मी पाहिलेला नाही. पण निर्णय कशावर होतो ते सांगतो.

मोहोर यांनी विचारलेला फरक खरा आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो आणि जागाही ऐसपैस असते, त्यामुळे तिथला पू बरंच सहन होतो. पाठीच्या मधल्या भागात उलटं आहे. तिथली नळी सर्वांत अरुंद आणि आत खुद्द मज्जारज्जू. थोडा पू, थोडं सडलेलं हाड आत सरकलं तरी पाय बोलायला लागतात.

जंतू बहुतेक वेळा फुप्फुसातून किंवा गाठीतून रक्तावाटे येतात आणि दोन मणक्यांच्या लगतच्या कडांना बसतात. म्हणून बहुधा जोडीनेच दोन मणके जातात. पुढचा भाग खचला की कणा पुढे वाकतो आणि कुबड दिसू लागतं. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वाकलेला कणा आणि लुळे पाय यांचं नातं लिहून ठेवलं. तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हता, कॉख यांनी तो १८८२ मध्ये दाखवला. आजाराला पॉटचं नाव राहिलं.

पाय एका दिवसात जात नाहीत. पहिल्या टप्प्यात रुग्णाला काही कळतच नाही, फक्त तपासणाऱ्याला कळतं. तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उठतो. पाऊल झटक्यात वर दाबलं तर घोटा थडथड उडत राहतो. दुसऱ्या टप्प्यात चाल अडखळते, चप्पल निसटते. तिसऱ्यात माणूस अंथरुणाला खिळतो. चौथ्यात संवेदना आणि लघवी-संडासवरचा ताबा जातो. तुमचे दीर दुसऱ्यात दिसतात.

आपल्याकडे यावर फार मोलाचं काम झालंय. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये 'मधला मार्ग' मांडला: सगळ्यांना औषध, आणि ऑपरेशन फक्त त्यांनाच ज्यांना त्याची गरज आहे. ताकद औषधावर तीन-चार आठवड्यांत सुधारत नसेल, औषध चालू असताना घटत असेल, किंवा मणका डळमळीत असेल तर ऑपरेशन. म्हणजे तुमचे दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक जण एमआरआयमधल्या दाबाकडे बघतोय, दुसरा चालणाऱ्या पायांकडे. दोघांनाही एकच विचारा: "मणका स्थिर आहे का, आणि नाही सुधारलं तर कुठल्या दिवशी ठरवायचं?"

तोवर एक काम तुमचं. रोज सकाळी, त्याच वेळी, अंगठा वर करता येतो का, गुडघा उचलता येतो का, वहीत लिहा. ताकद घटताना दिसली किंवा लघवी अडली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच रात्री घेऊन जा.

---

देवराई | ११ मार्च, ०९:१५

आमच्या तालुक्यात हाड बसवणारे एक गृहस्थ आहेत. तेल लावून मणका चोळतात, आमच्या काकांची सायटिका गेली. एकदा दाखवायला काय हरकत आहे? औषधं चालू ठेवून.

---

मोहोर | ११ मार्च, ०९:३८

@देवराई, हरकत आहे. पोखरलेल्या हाडावर जोर पडला तर ते खचेल आणि आत पू असताना त्याचा परिणाम थेट पायावर. कृपा करून हे कुणी करू नका.

---

चुलीवरची_भाकर | ११ मार्च, १०:२०

माझ्या वडिलांचं सांगते. त्यांनाही मणक्याचा टीबी होता, औषध सुरू व्हायच्या आधीच मणका चोळला होता. दोनदा. दुसऱ्या वेळी उठून बसले ते पाय ओढतच घरी आले आणि तिसऱ्या दिवशी लघवी तुंबली. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. सात वर्षं खाटेवर होते. देवराई, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतं. आम्हीही चांगल्या मनानेच नेलं होतं.

म्हणूनच मला 'तीन-चार आठवडे बघू' हे पटत नाही. चप्पल निसटतेय म्हणजे सुरुवात झालीय. ताई, ऑपरेशन करून घ्या.

---

देवराई | ११ मार्च, १०:४४

माफ करा. मला हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो.

---

अस्थिरंग | ११ मार्च, १३:१०

@चुलीवरची_भाकर, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. तुमची घाई समजते आणि ती चुकीची नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की त्या वेळी वडिलांना टीबीचं औषध सुरू नव्हतं. औषध सुरू नसताना थांबणं आणि औषध देऊन रोज तपासत थांबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. औषधाने सूज उतरते, पू आटतो, कित्येक जण ऑपरेशनशिवाय चालू लागतात. पण रोज तपासणारं कुणी नसेल, रुग्ण गावी निघून जाणार असेल, तर मीही थांबायला सांगत नाही.

---

सूतकताई | ११ मार्च, १५:२६

आमच्या गावात लहानपणी एक आजी होत्या, पाठीवर मोठं कुबड. आम्ही पोरं लपून हसायचो. त्या दळण डोक्यावर घेऊ शकत नसत, कमरेवर धरून तिरक्या चालायच्या. आज कळतंय ते काय असावं. इजिप्तच्या ममींच्या मणक्यांतही या आजाराच्या खुणा सापडल्यात, इतका जुना आहे तो. माणसाला चार हजार वर्षांनीही त्याला वेळेवर ओळखता येऊ नये, याचं फार वाईट वाटतं.

---

मेपलचं_पान | ११ मार्च, २०:०२

विषयाला जरा फाटा फोडते. आम्ही अमेरिकेत कनेक्टिकटला राहतो. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी पाठीतून छातीकडे पट्टा ओढल्यासारखं दुखायला लागलं, फक्त रात्री. आम्ही भारतातून आलेलो, त्यामुळे त्यांनी आधी टीबीच तपासला. निघाला लाइम. गोचिडीच्या चाव्यातून येणारा जंतू, इथल्याच लाइम नावाच्या गावावरून नाव पडलंय. तो मणक्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळांना सूज आणतो. आठवड्याभरात एका बाजूचा चेहराही लुळा पडला. डॉक्सिसायक्लिन तीन आठवडे, आणि सगळं पूर्ववत.

सांगायचं एवढंच की रात्री वाढणारं पाठीचं दुखणं कुठल्याही देशात हलक्यात घेऊ नये.

---

गोठा_आणि_गवत | ११ मार्च, २१:१९

मेपलताईंनी गोचिडीचा विषय काढला म्हणून लिहितो. मी पशुवैद्यक, सांगली जिल्हा. आपल्याकडे लाइमपेक्षा ब्रुसेला जास्त डोक्यात ठेवा. गाई-म्हशी सातव्या-आठव्या महिन्यात गाभडतात, म्हणजे गर्भ टाकतात, तो आजार. कच्चं दूध प्यायलं, किंवा गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढली की माणसाला होतो. ताप चढ-उतार, घाम, आणि कमरेचा मणका धरतो. एमआरआयवर टीबीसारखाच दिसू शकतो, पण औषध वेगळं आणि तेही किमान तीन महिने.

माझा एक सहकारी यात सापडला. हातमोजे संपले होते, शेतकरी रडत होता, त्याने तसाच हात घातला. सहा महिन्यांनी खुर्चीतून उठताना कळ यायला लागली. त्याने डॉक्टरांना आपणहून सांगितलं की मी जनावरांत काम करतो, म्हणून तपासणी झाली. तुमच्या दिरांचा टीबी सिद्ध झालाय, त्यामुळे तुम्हाला ही काळजी नाही. पण ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी डॉक्टरला ते सांगायलाच हवं. आणि ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना लस टोचून घ्या. एकदाच द्यायची असते.

---

पाणवठा | ११ मार्च, २१:४०

आमच्याकडे धारोष्ण दूध म्हणजे अमृत मानतात. आज आईला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने पातेलं गॅसवर ठेवलं.

---

क्षितिजा_म | ११ मार्च, २२:५५

मी जिल्ह्याच्या क्षयरोग विभागात काम करते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

टीबी फुप्फुसात नसेल आणि फक्त मणक्यात असेल तर तो खोकल्यातून पसरत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, काकाने पुतणीला मांडीवर घ्यावं. मात्र दिरांचा छातीचा एक्स-रे झालाय ना, हे बघा. आणि त्यांना हा जंतू कुणाकडून तरी आलाय, तेव्हा घरातल्यांची तपासणी करून घ्या, मुलीची आधी.

निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर, नोंद झाली आहे का? खासगीत उपचार घेतले तरी नोंद होते आणि औषध सरकारकडून मोफत मिळू शकतं. आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. ५३ किलो वजनाला रोज चार गोळ्या येतील, वजन वाढलं की डोसही बघावा लागतो, म्हणून दर महिन्याला वजन करा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे दहा महिने तीन. मणक्याला किमान १२ महिने, काहींना डॉक्टर १८ पर्यंत नेतात.

तिसऱ्या महिन्यात माणसाला बरं वाटतं आणि गोळ्या बंद होतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता तिसरा महिना आला की मीच फोन करते. लाल-हिरवा रंग ओळखायला गडबड होतेय, डोळे पिवळे दिसताहेत, सारखी उलटी होतेय, तर गोळ्या स्वतः बंद न करता लगेच दाखवायचं. पायाला आग होत असेल तर बी-६ ची गोळी आहे का विचारा.

---

नीरजा_पुणे | १२ मार्च, ०८:०४

नमुन्याबद्दल एक महत्त्वाचं, जे कुणीच सांगत नाही. माझ्या बहिणीच्या मणक्यातून पू काढला आणि एका रुग्णालयात तो सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत घातला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, त्याचं कल्चर होत नाही, म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढवून तपासता येत नाही. फक्त सूक्ष्मदर्शकाखाली 'टीबीसारखं दिसतंय' एवढंच कळलं. कुठलं औषध लागू पडेल ते कळलंच नाही. पाच महिने साधी औषधं घेऊन गळू वाढतच गेलं, दुसऱ्यांदा सुई घातली, तेव्हा रिफाम्पिसिनला दाद न देणारा निघाला. पाच महिने गेले. तिला पुन्हा सुई घालताना मी हात धरून उभी होते, तो दिवस विसरत नाही.

नमुना दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मेलिनची, एक साध्या सलाइनची, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. बाहेर उभं राहून नातेवाइकांनी विचारावं, "साहेब, सलाइनची बाटली भरली का?" राग आला तर येऊ दे.

---

अस्थिरंग | १२ मार्च, ०८:४१

नीरजाताईंच्या प्रतिसादाखाली माझी सही समजा. कल्चरला सहा आठवडेही लागतात, त्याचा रिपोर्ट आणायला विसरू नका.

---

सूतकताई | १२ मार्च, ११:३०

साखरपुड्याचं कुणी बोलत नाहीये.

---

मोहोर | १२ मार्च, १२:१२

बोलते. माझ्या सासरी 'मणक्याचा त्रास' असंच सांगितलं होतं. त्यामुळे वर्षभर लोक भेटायला येऊन व्यायाम सुचवत, उठून बसवत, आणि मी रोज चार गोळ्या कपाटाआड जाऊन घ्यायचे. पाहुणे असले की डोस उशिरा. दोनदा चुकलाच. लपवण्याची किंमत आजाऱ्याला भरावी लागते. मुलीला आणि तिच्या आईवडिलांना तरी दिरांनी स्वतः सांगावं. साखरपुडा पुढे जाईल तर जाऊ दे.

---

चुलीवरची_भाकर | १२ मार्च, १२:५०

मोहोरशी सहमत. आणि जाईताई, तुमच्या सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या तरुणपणी टीबीचं घर म्हटलं की कुणी पाणी प्यायचं नाही. त्यांची भीती तिथून आलीय.

---

जाईचा_मांडव | १५ मार्च, ०३:२०

हॉस्पिटलमधून लिहितेय. वही ठेवली होती. ११ ला उजवा गुडघा उचलता येत होता, १२ ला अर्धाच. १३ ला सकाळी अंगठा हलला नाही आणि दुपारपासून लघवी झाली नाही. अस्थिरंग यांचं वाक्य डोक्यात होतं, रात्रीच गाडी काढली. काल ऑपरेशन झालं. पू काढला, दाब मोकळा केला, मागून स्क्रू आणि रॉड घातलेत. सलाइनची बाटली मी स्वतः विचारली. सिस्टरांनी दाखवली.

पाय अजून हलत नाहीत.

---

अस्थिरंग | १५ मार्च, ०५:५०

तुम्ही वेळेत नेलंत. पहिल्या काही दिवसांत पाय हलले नाहीत म्हणून धीर सोडू नका. आजार ताजा असताना, पुवाच्या दाबाने गेलेली ताकद परत यायची शक्यता चांगली असते. वर्षानुवर्षांच्या कुबडामुळे जाते ती अवघड. सुधारणा आठवड्यांनी, महिन्यांनी मोजायची.

---

वाळवंटातली_वाट | १५ मार्च, ०७:१५

मी फिजिओथेरपिस्ट. आजपासूनच: दर दोन तासांनी कूस बदला, दोन माणसांनी, अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम, कंबर पिळली जाता कामा नये. टाच गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी. रोज माकडहाड आणि टाचा मोबाइलच्या उजेडात बघा, लाली दिसली आणि बोटाने दाबून ती गेली नाही तर जखमेची सुरुवात समजा. पाऊल खाली लोंबू नये म्हणून तळव्याला आधार. गरम पाण्याची पिशवी पायांना अजिबात नको. त्यांना चटका कळणार नाही.

---

चुलीवरची_भाकर | १५ मार्च, ०७:३०

हवेची गादी लागली तर सांगा. वडिलांची आहे, पंपासकट चालू आहे. पुण्यात कुठेही पोचवते.

---

जाईचा_मांडव | १५ मार्च, ०९:०२

लागेल. व्यनि करते. तुमचे उपकार कसे फेडू?

---

जाईचा_मांडव | २७ जुलै, २१:१०

बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून धागा वर काढतेय.

एकविसाव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. आम्हाला आधी भास वाटला, सासूबाईंनी दोनदा करून दाखवायला लावलं. मे महिन्यात लघवीची नळी निघाली. जूनमध्ये वॉकर. कल्चर आलं, सगळी औषधं लागू आहेत. वजन ५९. मुलीचा एक्स-रे स्वच्छ आला.

साखरपुडा पुढे ढकलला. भावजींनी फोनवर स्वतः सगळं सांगितलं. तिच्या वडिलांनी पंधरा दिवस काही कळवलं नाही, मग ती आणि तिची आई बसने भेटायला आल्या. सासूबाईंनी त्यांच्यासमोर डबीतून चार गोळ्या काढून भावजींच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, टीबीच्या आहेत, वर्षभर घ्यायच्या आहेत.

आणि आजचं. संध्याकाळी वॉकर घेऊन ओट्यावरून फाटकाकडे निघाले होते. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून हाक आली, "वहिनी, चप्पल सुटली हो." मी पिठाच्या हातानेच बाहेर आले. ते खाली बघत नव्हते. समोर रस्त्याकडे बघत होते.

---

मोहोर | २७ जुलै, २१:२२

वाचून डोळे भरून आले गं.

---

वाळवंटातली_वाट | २७ जुलै, २१:४०

फार फार आनंद झाला. आता मागे पट्टा असलेली सँडल घ्या, अर्धा नंबर मोठी. चप्पल इतक्यात नको, पडतील.

---

क्षितिजा_म | २७ जुलै, २२:०५

पाचवा महिना ना? ५९ किलो म्हणजे अजून चारच गोळ्या, डोस बदलत नाही. या महिन्याची पाकिटं आणलीत का?

---

जाईचा_मांडव | २७ जुलै, २२:११

आणलीत. सासूबाईंच्या फडताळात आहेत, दर्शनी.